निचरा पाहून पोटॅश

माझ्या सुनेनं भर वॉर्डात, दहा माणसांच्या देखत, स्वतःच्या सासऱ्याचं नाव घेतलं. नाव म्हणजे अगदी बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्या वेळी मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आज तीच गोष्ट मी न विचारता लोकांना सांगते. ऐकून ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका कंटाळल्या. कंटाळू देत. सून माझी आहे.

मी सुनंदाबाई. यावलजवळ आमचं गाव, बारा बिघे केळी. मुलगा हितेंद्र जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला आहे, आणि त्याची बायको मोनाली तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत फिटर. स्थळ आलं तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. म्हटलं, लोकांची घाण काढणारी पोरगी आणि ती माझ्या चुलीपाशी येणार. हे मी बोलले होते, खोटं कशाला सांगू? तिच्या कानावर गेलं होतं तेही मला माहीत आहे. तिनं तो विषय कधी काढला नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. डोक्यावरचा पदर गेला, ड्रेस आला, स्कूटी आली, पण ही रीत राहिली. बोलायचं ते मधल्या माणसामार्फत, आणि मधलं माणूस मी. आमचे मालक ओट्यावर बसलेले, मोनाली दारात उभी, मधे तीन हातांचं अंतर. मालक म्हणणार, "तिले सांग, चहात साखर कमी टाक." मोनाली म्हणणार, "आई, आबांना सांगा, कमीच टाकली आहे." दोघांना दोघांचं ऐकू येतं, तरी मी इकडचं तिकडे करायचं. हितेंद्र मला टपाल हापिस म्हणायचा. आणि नाव घेण्याची तर गोष्टच सोडा. मी स्वतः मालकांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर चाळीस वर्षं घेतलं नव्हतं.

मोनालीचं वागणं मला पहिल्यापासून विचित्र वाटायचं. एकदा माझं डोकं दुखत होतं. गोळी मागितली, तर ही गोळी हातात धरून विचारते, "आई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"डोकं माझं दुखतंय आणि फिरलंय तुझं," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, "कोणाला, कोणतं, किती, कुठून आणि कधी, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय माझा हातच उघडत नाही. सवय आहे." मग याआधी कोणती गोळी घेतली, कधी घेतली, पित्त होतं का, सगळी उलटतपासणी. गोळी मिळेपर्यंत डोकं दुखायचं थांबलं होतं. ही गोष्ट मी तेव्हा सगळ्यांना हसून सांगायची.

तिनंच एकदा सांगितलं, कॉलेजात ती औषधांच्याच विषयात नापास झाली होती. शेकडो नावं, पाठ करायची आणि विसरायची. मग तिच्या मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, नाव नंतर पाठ कर. आधी एवढंच बघ की हे औषध शरीरात जाऊन करतं काय आणि शरीरातून बाहेर कुठून पडतं. बाहेर पडायचा रस्ता बंद असेल तर चांगलं औषधही विष होतं. दुसऱ्या खेपेला पोरीला त्या विषयात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

दोन दिवाळ्यांमागची गोष्ट. मोनाली सुटीवर गावी आली होती आणि माझ्यासोबत मळ्यात आली. मालक टाकीत पांढरा पोटॅश कालवत होते. खताचं पाणी ठिबकमधून केळीला सोडतात, आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मोनाली मला म्हणाली, "आई, आबांना विचारा, एवढे कष्ट कशाला? झाडाच्या बुडाशी मूठमूठ टाकून मोकळं का नाही व्हायचं?"

मालक कधी नव्हे ते खुलले. "तिले सांग, पोटॅश लई ताकदीचा. घड त्याच्यावरच भरतो. पण एकदम दिला तर मुळी जळते. पाण्यात पातळ करायचा आन थेंबाथेंबानं द्यायचा. आन वावरात पाणी तुंबलेलं असलं, निचरा होत नसला, तर पोटॅशच्या गोणीले हातबी लावायचा नाही."

मोनालीचे डोळे चमकले. "आई, आबांना सांगा, हेच शिकायला मला एक वर्ष जास्त लागलं. आमच्याकडेही पोटॅशियमचं इंजेक्शन असतं. ते सरळ शिरेत मारलं तर माणसाचं हृदय जागच्या जागी थांबतं. म्हणून बाटलीत पातळ करून, सावकाश द्यायचं. आणि लावायच्या आधी बघायचं की पेशंटला लघवी होते की नाही. जास्तीचं पोटॅशियम बाहेर जायचा तोच रस्ता."

लघवी हा शब्द सुनेच्या तोंडून ऐकला आणि मालकांनी पाठ फिरवली, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेले आणि बाहेरच येईनात. घरी येऊन मी मोनालीला चांगली झापली. म्हटलं, सासऱ्यासमोर काय बोलावं याची लाजलज्जा आहे की नाही? ती ऐकून घेत होती. मीही बोलतच गेले.

तर आता मागच्या वैशाखाचं. सावद्याला नात्यातलं लग्न होतं. बट्टी, वांग्याची भाजी, उन्हाचा कहर, आणि मालकांनी तीन वेळा वाढून घेतलं. घरी आले ते जुलाब-उलट्या घेऊनच. दोन दिवस गावातच काढा, लिंबूपाणी, "होईल बरं" असं चाललं. तिसऱ्या दिवशी उठून उभं राहता येईना. हितेंद्र गाडी घेऊन आला आणि संध्याकाळी त्यांना मोनालीच्याच दवाखान्यात भरती केलं. तिथे मालकांना जवळपास सगळेच मोनाली सिस्टरचे सासरे म्हणून मान द्यायला लागले. मला ते आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

डॉक्टर भूषण म्हणून तरुण डॉक्टर होते. रक्त तपासून म्हणाले, "जुलाबामुळे पोटॅशियम कमी झालंय, म्हणून अंगात त्राण नाही. सलाइनमधून देऊ, दोन दिवसांत फरक पडेल." एवढंच आमच्या कानात शिरलं. मालक कॉटवर पडल्या पडल्या हसले. "केळीवाल्याच्या अंगात पोटॅश कमी. कोणाले सांगू नको."

सांगितलं मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे दीर झुलालभाऊ भेटायला आले ते हातात केळीची फणी आणि चार शहाळी घेऊन. आमच्या भागात आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं कोणी जात नाही, आणि हातात केळी सोडून दुसरं काय असणार? झुलालभाऊ म्हणाले, "डॉक्टर बाटलीतून जे घालू राह्यले तेच याच्यात शे. खाऊ घाला वहिनी, लवकर भरून येईल." मलाही पटलं. दुपारपर्यंत मी मालकांना चार केळी भरवली आणि दोन शहाळी पाजली. सालं पिशवीत, पिशवी कॉटखाली.

आणि आता ते सांगते, जे सांगायला मला पहिले कितीतरी दिवस जीभ उचलत नव्हती. मालकांना आदल्या संध्याकाळपासून लघवी झालेली नव्हती. मोनालीनं संडासात एक प्लास्टिकचं भांडं ठेवलं होतं, रेघा मारलेलं, वर पट्टीवर नाव लिहिलेलं. त्यात करायची, रेघ बघायची आणि सिस्टरला सांगायची. मालक दोनदा जाऊन आले, काही नाही. मला हळूच म्हणाले, "कोणी विचारलं तर झाली म्हणून सांग. या पोरी सूनबाईले जाऊन सांगतीन. सुनेपुढे माह्या मुताचा हिशोब नको." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुरुषाची अब्रू असते. सकाळच्या सिस्टरनं विचारलं, "काकू, लघवी झाली का?" मी म्हटलं, "झाली, झाली." तिनं कागदावर लिहून घेतलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि पोटॅशियमची पुढची बाटली लिहून दिली.

दुपारी दोनला मोनाली ड्यूटीवर आली. पांढरा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. सगळ्या कॉटा बघत आमच्याकडे आली. बाटली तयार करून स्टँडला लावली, पण नळी जोडली नाही. हातातला कागद बघून तिनं खणखणीत आवाजात मालकांचं पूर्ण नाव वाचलं. "हेच नाव ना?"

अख्खा वॉर्ड बघायला लागला. मालकांनी भिंतीकडे तोंड केलं. मी दात खाऊन म्हटलं, "तुले माहीत नाही का कोण आहेत ते?"

"माहीत आहे आई. तरी विचारायचं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आबांना विचारा, लघवी झाली का?"

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी मला दटावलं. मी म्हटलं, "झाली."

"किती रेघांपर्यंत?"

"झाली म्हटलं ना."

 ती संडासात गेली आणि ते भांडं हातात घेऊन आली. आतून कोरडं ठणठणीत. पट्टीवरची शाईसुद्धा ओली झालेली नव्हती. तिनं ते माझ्यासमोर धरलं आणि बाटली स्टँडवरून काढून बाजूला ठेवली.

मग काय सांगू. झुलालभाऊ उसळले. "डॉक्टरांनी लिहिलेली दवाई ही कायले काढू राह्यली? घरचं माणूस घरच्याच माणसाच्या जिवावर उठलं." त्यांचा आवाज म्हणजे बाजारातला. बाजूच्या कॉटेवरचे लोक गोळा झाले. आणि मीही, देवा, मीही त्यांच्यात मिळाले. म्हटलं, "मला खोटं पाडते होय? तू डॉक्टर आहेस का? लाव ती बाटली." माझ्या डोळ्यांसमोर माझा माणूस पिवळा पडून पडलेला आणि त्याचं औषध हिनं काढून घेतलेलं. राग येणार नाही तर काय?

मोनालीचा चेहरा उतरला होता, हात मात्र स्थिर होते. ती म्हणाली, "आई, तुम्ही मला हवं ते बोला. पण ही बाटली मी लावणार नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही." मग ती मला ओलांडून गेली. स्टूल ओढून मालकांच्या उशाशी बसली आणि सात वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याशी थेट बोलली.

"आबा, इकडे बघा. वावरात निचरा होत नसेल तर तुम्ही पोटॅश सोडता का?"

मालक हलले. हळूच तोंड वळवलं आणि सुनेकडे पाहिलं.  

"नाही," मालक म्हणाले.

"मग खरं सांगा. कधीपासून नाही झाली?"

"काल संध्याकाळपासून. थेंब नाही." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"आणि गुडघेदुखीच्या त्या गोळ्या? अजून घेता?"

त्यांनी डोळे मिटले. "मोटारीच्या खोलीत लपवून ठेवल्या होत्या. रोज दोन. लग्नात उभं राहायचं म्हणून तीन." त्या गोळ्या मूत्रपिंडाला मारक आहेत, बंद करा, असं मोनालीनं माझ्यामार्फत दहा वेळा सांगितलं होतं. मी तो निरोप दरवेळी दिला होता, पण कसा, तर "सूनबाई काहीतरी म्हणत होती" असा.

मग ती माझ्याकडे वळली. तिनं विचारायच्या आधीच मी कॉटखालची पिशवी ओढून तिच्यासमोर ठेवली. "चार केळी," मी म्हटलं, "आणि दोन शहाळी." तिनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या वेळी तिनं मला बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

पुढचं फार भराभर झालं. तिनं डॉक्टरांना फोन केला आणि उभ्या उभ्या चार वाक्यांत सगळं सांगितलं, केळ्यांसकट. छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त पाठवलं. डॉक्टर धावत आले, पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्ताचा रिपोर्ट आला, तर कालपर्यंत तीनच्या खाली असलेलं पोटॅशियम सहाच्या वर गेलं होतं. आणखी चढलं असतं तर हृदयावर गेलं असतं.

डॉक्टरांनी औषधं सांगितली आणि मोनालीनं प्रत्येक औषधाचं नाव आणि माप मोठ्यानं परत म्हटलं, डॉक्टर "बरोबर" म्हणेपर्यंत हात लावला नाही. पहिलं कॅल्शियम, अगदी सावकाश, डोळे त्या वायरीच्या पडद्यावर. मग इन्सुलिन भरलं, तर दुसऱ्या सिस्टरला बोलावून तिच्याकडूनही सुईतलं माप बघून घेतलं. मी रडत रडतच म्हटलं, "अगं, यांना शुगर नाही, इन्सुलिन कशाला?"

एवढ्या घाईतही तिनं मला समजावलं. "आई, इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. शुगर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतोय. आणि कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, तेवढा वेळ हृदयाला सांभाळतं. खरं पोटॅशियम बाहेर जाईल ते लघवीतूनच." वॉर्डबॉयनं लघवीची नळी घातली, साधं सलाइन सुरू केलं. डॉक्टर हितेंद्रला म्हणाले, "सकाळपर्यंत लघवी सुटली नाही तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल." मग मोनालीकडे वळून म्हणाले, "सिस्टर, सकाळी मी लिहिलं तेव्हा कागदावर लघवी झालेली होती. तुम्ही कागदावर विश्वास ठेवला नाही, म्हणून हे बसलेत आपल्यासमोर."

कागद खोटा होता तो माझ्यामुळे. हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. झुलालभाऊंनी मान खाली घातली आणि उरलेली केळी घेऊन निघून गेले.

मोनालीची ड्यूटी आठला संपली, पण ती घरी गेली नाही. दर तासाला वाकून नळीची पिशवी बघायची. पहाटे पाचच्या सुमाराला तिनं मला हलवून उठवलं. पिशवीत पिवळंधमक पाणी साचत होतं. मी आयुष्यात देवळाच्या कळसाकडे बघून हात जोडले तसे त्या पिशवीला जोडले. मोनाली हसली आणि तिथेच स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. तिच्या डोक्याखाली मी माझा हात दिला. लोकांची घाण काढणारी पोरगी म्हटलं होतं मी हिला. त्या पहाटे मला तो शब्द आठवला आणि मी पुष्कळ रडले.

चौथ्या दिवशी नळी काढली. मोनाली दुसऱ्या कॉटेपाशी कामात होती. मालक स्वतः उठले, संडासात गेले आणि ते भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आले. मी पुढे झाले तर मला हातानं बाजूला केलं. वॉर्डाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "मोनाली, बेटा, दोनशे दहा." ती वळली आणि म्हणाली, "लिहिते, आबा." टपाल हापिस त्या दिवशी बंद झालं.

त्याच दिवशी संध्याकाळी मोनालीला घरी झोपायला पाठवलं होतं. नवीन लागलेली पुनम नावाची सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन घाईघाईनं आली. पोर दमलेली दिसत होती, तीन कॉटांवरून एकदम हाका चालू होत्या. ती सरळ मालकांचा हात धरून सुई जोडायला लागली.

"थांब," मी म्हटलं. "आधी नाव विचार."

ती गोंधळली. "हो काकू. यांचं नाव काय?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, नेहमीसारखं मी म्हणेन, हितेंद्रचे पप्पा. स्वतःचं नाव ते स्वतः सांगणार होते, तोंड उघडलंच होतं त्यांनी. मी त्यांच्या आधी बोलले. वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले.

"रतिलाल उखर्डू फेगडे. आता कागदावरचं वाच, आणि कोणतं औषध, किती, ते मला सांग. मग दे."

पुनमनं कागद वाचला. नाव जुळलं. औषध जुळलं, माप जुळलं. मग तिनं सावकाश सुई दिली. मालक एवढा वेळ माझ्याकडेच बघत होते, हसू दाबून.

जाताना पुनम म्हणाली, "काकू, तुम्ही पण नर्स होता का?"

"नाही बाई," मी म्हटलं. "मी मोनाली सिस्टरची सासू."